छत्तिसातले बारा

(इंदूरमध्ये हौशी छायाचित्रकारांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीवर बोलायला आलोय आणि कॅमेरा घरी राहिलाय, याबद्दल आमच्या घरातून निघतानाच बोलणी खाऊन झालीत. पण हा एक जुना कागद आठवणीनं आणलाय. पुढच्या रांगेपासून फिरवत न्या, फक्त कडेला धरा.

आठ बाय दहा इंचांचा हा कागद म्हणजे कॉन्टॅक्ट शीट. डार्करूम न पाहिलेल्यांसाठी सांगतो. धुतलेली निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापायची, फोटोच्या कागदावर ओळीनं मांडायची, वर काच ठेवायची आणि दिवा काही सेकंद लावायचा. कागद धुतला की रोलमधले छत्तीसच्या छत्तीस फोटो टपालाच्या तिकिटाएवढे उमटतात. डोळे मिटलेले, हललेले, चुकून बटण दाबलं गेलेले, सगळे.

हे माझ्या मावसबहिणीचं लग्न. रामबागेतलं. संध्याकाळच्या प्रत्येक चौकटीची एक बाजू काळीकुट्ट दिसेल तुम्हाला. त्या वेळच्या माझ्या कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारं झाकण, कापडी पडद्यांचं होतं आणि पडदे आडवे सरकायचे. 1/60 सेकंदापर्यंत पूर्ण फ्रेम एका क्षणी उघडी असायची. त्याहून जास्त वेग ठेवला की पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आत दुसरा निघायचा, आणि फ्लॅश चमकायचा तेव्हा फ्रेमचा एक भाग झाकलेला असायचा. दुपारी उन्हात पंगतीचे फोटो काढताना मी 1/125 लावला होता. संध्याकाळी मुहूर्ताच्या गडबडीत वेगाची चकती फिरवायची राहिली. मंगलाष्टकांचा फोटो बघा. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी लख्ख, पलीकडे नवरदेवाच्या जागी मिट्ट काळोख. मावशी इतकंच म्हणाली, “जावई कुठं गेले रे?” वर्षभर मी त्या घरी जेवायला गेलो नाही.

शटरची चूक मला फोटो धुणाऱ्यानं एका वाक्यात सांगितली. ती पुन्हा झाली नाही. पण हा कागद मी बरेच दिवस समोर ठेवला, आणि मग दुसरीच गोष्ट दिसायला लागली. छत्तीस फोटोंत मी जागेवरून हललोच नव्हतो! मांडवाच्या एका खांबाला टेकून, एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून सगळं लग्न टिपलं होतं. नवरदेव पूर्ण आले असते तरी फोटो सुमारच होते. एकेक फोटो सुटा पाहिला असता तर हे कधीच कळलं नसतं. एका फोटोत चूक दिसते, पण सवय दिसायला छत्तीस एकत्र बघावे लागतात. मी आज जे काही सांगणार आहे ते या कागदातूनच आलंय.

आता तुमच्या फोनमध्ये चार-पाच हजार फोटो असतील. पण आपण करतो काय, काढला की लगेच बघतो, आवडला नाही की तिथंच पुसतो. म्हणजे आपल्या खोडीचा पुरावा आपणच नष्ट करतो. पुसू नका. निदान महिनाभर तरी ठेवा.

खांब सोडायचा म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. लाला दीनदयाळ, पुढे हैदराबादच्या निजामानं ज्यांना राजा मुसव्विर जंग हा किताब दिला ते, रुडकीला इंजिनिअरिंग शिकून 1866 साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. एस्टिमेट करणं आणि नकाशे काढणं हे त्यांचं काम. कॅमेरा हातात आला 1874च्या सुमारास, इथंच, आणि तुकोजीराव होळकरांचं प्रोत्साहनही मिळालं. मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांचे फोटो बघा. खांब ओळंब्यात, कमानी तोलात. माझा आपला तर्क असा की ही नजर नकाशाच्या टेबलावर तयार झाली. शिवाय माध्यम काचेच्या प्लेटांचं. जड कॅमेरा, तिकाटणं, प्लेटांच्या पेट्या वाहून न्यायच्या म्हटल्यावर माणूस आधी पायांनी जागा शोधतो, सामान नंतर मांडतो. आपण राजवाड्यासमोर उतरतो आणि रिक्षाचे पैसे देता देता पहिला फोटो काढतो.

राजवाड्याचंच घ्या. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. बागेच्या बाजूनं, सगळे सेल्फी काढतात तिथून काढलेला फोटो मला रोज कुणीतरी पाठवतं. त्यात सात मजले असतात, पण दगड कुठं संपतो आणि लाकूड कुठं सुरू होतं ते कळत नाही. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन कडेनं येतं तेव्हा लाकडावरचं कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी किंवा समोरून उजेड असला की सगळं सपाट. हे वाचून पटत नाही. एकाच जागी चार वेळांना जावं लागतं.

थोडं मोजमापाचं बोलतो, कारण सराफ्याचे, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, फोटो मी फार वेळा काळवंडलेले पाहिलेत. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर अडाणी असतं. काळं काय, पांढरं काय, त्याला ठाऊक नाही. समोर येईल ते मधल्या राखाडी छटेला आणून बसवणं एवढंच त्याचं काम. द्रोणभर पांढऱ्या दह्याचा जवळून फोटो काढा, दही मळकट येईल. तिथं एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +1 करायचं. राजवाड्याच्या गडद लाकडानं चौकट भरली तर उलट, तिथं -1, नाहीतर लाकूड धुतल्यासारखं फिकट दिसेल. हल्लीचे फोन थोडे शहाणे झालेत, तरी पुरते नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी वरखाली करायला काहीच लागत नाही. आणि दहीवडा हवेत उडवणाऱ्याचा फोटो हवा असेल तर 1/500 तरी ठेवा. रात्री तेवढा उजेड नसतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा, दाणे येऊ द्यात. दाणेदार फोटो चालतो, हललेला द्रोण चालत नाही. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत मात्र उलटं करून बघा. 1/15 वर गुलालाचे लोट वाहताना दिसतात. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायला विसरू नका, हे इंदूरकराला सांगायला नको.

माणसांच्या फोटोबद्दल एकच सांगतो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. चेहऱ्याच्या हातभर जवळ गेलात की नाक मोठं होतं, कान मागे पळतात. दोन पावलं मागे या आणि दोन पट झूम करा. आजीला फोटो आवडत नाही तो बहुतेक यामुळे, आणि आपण समजतो आजी लाजते.

आता सगळ्यात अवघड काम, निवडीचं. छत्तिसातले बारा काढायचे. मी एकदा भर पावसात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, दोन तास उभा होतो. ओलाचिंब झालो, तापही आला. त्या दिवशीचा एक फोटो मला फार प्रिय होता. बायकोनं तो बाजूला सारला आणि पायऱ्यांवर वाळत घातलेल्या एका छत्रीचा, जाता जाता काढलेला फोटो उचलला. मी चिडलो. मग कळलं की मला त्यात माझा ताप दिसत होता, तिला फक्त फोटो दिसत होता. म्हणून निवडताना जो तिथं नव्हता असा माणूस शेजारी बसवा. आणि फोनवर निवडू नका. पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढा, सतरंजीवर पसरा, उभे राहून बघा. उरलेले चोवीस फेकू नका, आपली खोड त्यांच्यातच सापडते. आमच्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या चोवीस प्रिंटांत दिसलं की माणसं नेहमी पाठमोरीच येतात. तिला वाटत होतं, ही आपली शैली. खरं तर ती विचारायला घाबरत होती. पुढच्या महिन्यात तिनं भुट्टे का कीस विकणाऱ्या काकांना आधी नाव विचारलं, मग फोटो.

इथं चिंचाळकर गुरुजींची आठवण येते. विष्णू चिंचाळकर. काटक्या, बिया, वाळकी पानं, लोक पायाखाली तुडवतात त्या वस्तूंतून त्यांनी चित्रं घडवली. त्यांच्याकडेही निवडच होती की! काटकीत पक्षी आधी दिसायचा, हात नंतर लागायचा. तसं बघणं मला साधलेलं नाही, पण टाकून दिलेल्या चोवीस प्रिंटांशी बसतो तेव्हा थोडं जवळ गेल्यासारखं वाटतं.

कोणता कॅमेरा घ्यावा, ही चिठ्ठी आलीच आहे. तीनदा आली आहे. जो आहे तो घेऊन या. येत्या रविवारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, सकाळी साडेसहाला, थंडीचे दिवस आहेत, सूर्य सातच्या सुमारास वर येईल. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरे पिशवीत. नुसतं फिरायचं. मग मोजून छत्तीस, एकही पुसायचा नाही. पोहे-जिलेबी छत्तिसाव्या फोटोनंतर.

तो कागद मागच्या रांगेत कुठे अडकलाय का? जरा पुढे पाठवा. मावसबहिणीला अजून ठाऊक नाही, की तो मी जपून ठेवलाय.