केबिनचं काम शेवटचं, विचार मात्र आधी

मित्रहो, घरी किटमधून विमान बांधताना बहुतेकांच्या यादीत केबिनची सजावट तळाशी असते. इंजिन बसू दे, पंख लागू देत, मग सीटचं कापड बघू. मीही असंच म्हणत राहिलो. पुढच्या भागाचा वरचा पत्रा रिव्हेट मारून बंद केला आणि मग लक्षात आलं, आतला रंग राहिलाय. रडर पेडलपाशी, म्हणजे पायलटच्या पायाखालच्या पेडलपाशी, डोकं घालून, उताणा पडून ब्रश चालवावा लागला. उघड्या सांगाड्यात एका दुपारी उरकलं असतं त्याला तीन आठवडे लागले. सांध्यांत सगळीकडे प्रायमर पोचला का, याची खात्री मला आजही नाही.

म्हणून पत्रा बंद करण्यापूर्वी आत कागद-पेन्सिल घेऊन बसा. हेडसेटचं सॉकेट कुठे, दिवा कुठे, वायर कुठून जाणार, पॅनेल कशावर टेकणार? नटप्लेट, म्हणजे पत्र्याला मागून पक्के बसवलेले नट, तेव्हाच बसवून टाका, नंतर तिथे हात शिरत नाही.

सुरुवात सीटपासून करा. पुठ्ठा आणि फोमचे तुकडे रचून कच्ची सीट करा, हेडसेट घालून बसा, कॅनोपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) लावा. डोकं टेकतंय का? आता स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, पूर्ण मागे ओढा. गादीचा पुढचा फुगवटा किंवा तुमचं पोट आड येत असेल, तर लँडिंगला एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) पूर्ण मिळणार नाही. हे बघितल्याशिवाय फोम कापू नका. गादीची उंची बदलली की खांद्याच्या पट्ट्याचा कोनही बदलतो. पट्टा मागे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून जायला हवा. तो खाली ओढला जात असेल, तर आपटल्यावर सगळा दाब मणक्यावर येतो.

वजनाचं गणित फार जणांना नकोसं वाटतं, पण ते टाळू नका. समजा रिकामं विमान ५०० किलोचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचा तोल साधतो तो) मोजणीच्या आरंभरेषेपासून २ मीटरवर आहे. सामानाच्या जागेत, ३.५ मीटरवर, गालिचा आणि आवाज अडवणारा थर मिळून ६ किलो चढले. गुरुत्वमध्य जवळजवळ १.८ सेंटिमीटर मागे सरकला, आणि सामान तर अजून ठेवलेलंच नाही! प्रत्येक तुकडा लावण्याआधी काट्यावर ठेवा. सगळं बसल्यावर विमान पुन्हा तोला.

कापड निवडताना रंगाआधी आग बघा. कापड, गोंद आणि फोम एकत्र चिकटवून त्याची पट्टी उघड्यावर उभी टांगा, खालून १२ सेकंद ज्योत धरा. ज्योत काढल्यावर १५ सेकंदांत विझली नाही, तर ते कापड कितीही देखणं असो, परत करा. कापड आणि फोम वेगवेगळे जाळून बघितलं तर फसाल, कारण गोंदामुळे सगळंच बदलतं. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आग अडवणाऱ्या भिंतीच्या, आतल्या बाजूला तर साधा फोम लावूच नका. पलीकडे आग लागली की पत्र्याच्या उष्णतेनेच तो धुमसतो, आणि धूर थेट तुमच्या नाकात.

फरशीला गालिचा गोंदाने चिकटवायचा मोह होतो. त्याखाली पाणी साचतं, ॲल्युमिनियम सडतं आणि वरून काही दिसत नाही. वेल्क्रो लावा, स्क्रू लावा. माझ्या विमानात मागच्या भिंतीचं पॅनेल ६ स्क्रूंवर आहे. ते काढलं की एलिव्हेटरच्या बेलक्रँकपर्यंत (स्टिकची ओढ एलिव्हेटरकडे वळवणाऱ्या तरफेपर्यंत) हात जातो, टॉर्च धरली की तिथला प्रत्येक नट दिसतो.