तुमच्या भल्यासाठी

डिसेंबर १९२६, न्यूयॉर्क. ऐन नाताळात बेलव्ह्यू रुग्णालयात माणसांमागून माणसं आणली जात होती. कुणाला भास होत होते, कुणाची दृष्टी गेली होती. सगळे प्यायलेले.

अमेरिकेत दारूबंदी येऊन तेव्हा जवळपास सात वर्षं झाली होती. कायदाही अजबच. पिणं हा गुन्हा नव्हता. गाळणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानं त्यात विषारी द्रव्यं मिसळली जात. चोरट्यांनी ती काढून टाकायची युक्ती शोधली. मग सरकारनं मिथेनॉलचं प्रमाण वाढवायला लावलं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. आधी धुकं पडल्यासारखं दिसतं, मग काहीच दिसत नाही.

लोक पिणारच हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा या मृत्यूंची नैतिक जबाबदारीही सरकारचीच, असं शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सुनावलं. दारूबंदीचे पुढारी वेन व्हीलर मात्र म्हणत होते, पिणारा जाणूनबुजून आत्महत्या करतोय.

दारू घातक, हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याला जगवायला कायदा केला, तोच कायदा मोडून मेला तर मरू दे, हे कुठलं भलं?

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ सालीच सांगून ठेवलं होतं, सज्ञान माणसावर बळजबरी करायची ती दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यापुरती. त्यांचा दाखला एका मोडकळलेल्या पुलाचा आहे. धोका ठाऊक नसलेल्याला हात धरून मागे ओढा. ठाऊक असेल, तर सावध करा आणि बाजूला व्हा.

सीटबेल्टची सक्ती या कसोटीवर अडखळते. १९७० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं ती आणली. समर्थक म्हणतात, जखमींचा खर्च सगळ्यांच्याच खिशातून जातो. सक्ती मला मान्य आहे, कारण पट्टा क्षणात लागतो, क्षणात सुटतो. खर्चाचा हा युक्तिवाद मात्र धोक्याचा वाटतो. सगळ्यांच्या खिशाचं नाव घेतलं की माणसाचं खाणं, झोपणं, डोंगर चढणं, काहीच त्याचं स्वतःचं उरत नाही.

आणि हा घसरडा उतार काल्पनिक नाही. देवीच्या साथीत लस टोचून घ्यायची सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९०५ मध्ये उचलून धरली. देवी शेजाऱ्यालाही होते, तेव्हा ते मिल यांच्या हिशेबातही बसलं असतं. पण १९२७ मध्ये त्याच निकालाचा आधार घेऊन न्यायालयानं व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवला. लसीचं तत्त्व इतकं व्यापक आहे, की त्यात बाईच्या गर्भनलिका कापणंही बसतं, असं निकालात लिहिलं गेलं. तो निकाल न्यायालयानं आजतागायत स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.