माईकमागची जर्सी

१९ ऑगस्ट १९९५. इंग्लिश फुटबॉल लीगच्या पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून ३-१ अशी हरली. युनायटेडच्या संघात बरीच कोवळी पोरं होती. रात्री बीबीसीवर विश्लेषक ॲलन हॅन्सन म्हणाला, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. हा हॅन्सन म्हणजे युनायटेडच्या कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा माजी बचावपटू, आठ वेळा लीग जिंकलेला. त्यानं बोलायचं नाही तर कुणी? पुढच्या मे महिन्यात युनायटेडनं लीग नेली आणि एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही नेली, तीही अंतिम सामन्यात लिव्हरपूललाच हरवून. गंमत बघा, व्हिलाविरुद्धच्या त्या सामन्यात वीस वर्षांचा गॅरी नेव्हिल खेळत होता, रॉय कीनही होता. आज दोघंही हॅन्सनच्याच धंद्यात आहेत!

युनायटेडवाले ते वाक्य अजून विसरलेले नाहीत. त्यांच्या मते त्यातून लिव्हरपूल बोलत होतं. मला तसं वाटत नाही, हॅन्सन साधा चुकला होता. पण हे मी कोल्हापुरात बसून म्हणतोय, मँचेस्टरमध्ये नाही. इथलंच उदाहरण घ्या. समजा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या आमच्या पेठांतल्या तालमींच्या संघांचा सामना आहे, आणि माईकवर बसलाय पाटाकडीलचा जुना खेळाडू. त्यानं दिलबहारचा ऑफसाइड कितीही बरोबर सांगितला तरी गॅलरीतून काय आवाज येईल, ते मी सांगायला नको. आधी पेठ ऐकू येते, मग माणूस.

नेव्हिलचं हेच झालं. युनायटेडसाठी ६०२ सामने खेळला. २००६ मध्ये शेवटच्या क्षणाला गोल झाल्यावर लिव्हरपूलच्या चाहत्यांसमोर पळत जाऊन त्यानं जल्लोष केला आणि दंड भरला. असा माणूस २०११ साली स्काय वाहिनीवर विश्लेषक म्हणून आला तेव्हा लिव्हरपूलच्या घरांत काय स्वागत झालं असेल? पण त्यानं पडद्यावर खेळाडू थांबवून दाखवायला सुरुवात केली. बचावपटूची पावलं कुठं वळली, तो चेंडूकडं बघत राहिला आणि पाठीमागून कोण निसटला, हे सगळं. दोन वर्षांनी शेजारी जेमी कॅराघर येऊन बसला. लिव्हरपूलकडून ७३७ सामने, आणि लहानपणी चक्क शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनचा चाहता! आता इतर क्लबांचे चाहते या दोघांना पक्षपाती म्हणतात, आणि स्वतःच्या क्लबचे म्हणतात, हा आपल्यावरच जास्त घसरतो. दोन्हीकडून शिव्या खाणारा पंच बहुधा बरोबर असतो, तसंच काहीसं हे.

स्टुडिओतलं विश्लेषण वेगळं आणि सामना चालू असताना बोलणं वेगळं, हे मात्र ध्यानात घ्या. मुख्य समालोचक बहुतेक वेळा खेळाडू नसतोच. मार्टिन टायलर, पीटर ड्रुरी हे आवाजाचे आणि शब्दांचे लोक. जुना खेळाडू त्यांच्या शेजारी बसतो आणि त्याला दोन पासांच्या मधल्या सेकंदात सांगायचं असतं. लिव्हरपूलच्या मायकेल ओवेनला २००१ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, मिळाला, पण समालोचनात तो अनेकांना रटाळ वाटला. उलट २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर दहा जणांच्या चेल्सीकडून तोरेस एकटाच चेंडू घेऊन सुटला तेव्हा नेव्हिलच्या तोंडून शब्दच निघाला नाही, एक लांबलचक विव्हळणं निघालं. त्यावर कुणी खो-खो हसलं, कुणी नाकं मुरडली. मला तो आवाज आवडतो. त्यात विश्लेषण शून्य होतं, पण आपणही घरी तेच करत होतो.

माझ्या पसंतीचा माणूस मात्र जिम बेगलिन. आपल्याकडच्या पोरांना तो व्हिडिओ गेममधून पाठ आहे, ड्रुरीच्या जोडीचा शांत आयरिश आवाज. १९८६ मध्ये लीग आणि कप जिंकणाऱ्या लिव्हरपूल संघाचा तो डावा बचावपटू. जानेवारी १९८७ मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याचा पाय मोडला आणि लिव्हरपूलच्या पहिल्या संघातून तो पुन्हा खेळलाच नाही. एव्हर्टनचा सामना असला तरी त्याच्या बोलण्यात मला कधी कडवटपणा जाणवला नाही. काहींना तो फिका वाटतो, कीनसारखा डोळे वटारत नाही म्हणून. कीन बघायला मजा येते, हे मीही मान्य करतो. पण कीन ऐकून मला कीन कळतो, बेगलिन ऐकून सामना.

जाता जाता घरची गोष्ट. माझा भाचा कट्टर लिव्हरपूलवाला. मोबाईलवर नेव्हिलची क्लिप आली की अंगठ्यानं वर सरकवतो. परवा कट्ट्यावर मात्र मित्रांना समजावत होता, बघा, राइट बॅक आत वळला म्हणून ती मोकळी जागा पडली. मी विचारलं, 'हे कुठं ऐकलंस रे?' तर म्हणतो, 'मामा, ते दिसतंच की!'