नवा पीसी चालूच होत नाही? नागपूरला पार्सल करायच्या आधी हे पाहा

राम राम मंडळी. टेबलावर हा जो डबा दिसून राहिला, तो नवाकोरा पीसी आहे. दारव्ह्याकडच्या एका पोराचा. पार्ट मागवले, घरीच जोडले, देवाचं नाव घेऊन बटन दाबलं. पंखे सेकंदभर फिरले आणि बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी गोधडीत गुंडाळून गाडीवर माझ्याकडे घेऊन आला.

आता या विषयावर व्हिडिओ काही कमी नाहीत. पण पाहा, सगळ्यांचा पहिला सल्ला काय असतो? दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहा, दुसरी रॅम लावून पाहा. अरे बाप्पा, दुसरा आणू कुठून? आपल्या गावात कोणाच्या फडताळात डीडीआर फाइव्हची, म्हणजे नव्या पिढीची, रॅम पडली आहे काय? दुकान नागपूरला. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला, आणि कुरिअरनं पाठवलं की वाट पाहत बसा. त्यात आपण अंदाजानं पॉवर सप्लाय पाठवला आणि दोष रॅममध्ये निघाला, तर तो 'ओके आहे' म्हणून परत येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून आपली पद्धत उलटी. आपल्याजवळ जोडून पाहायला काही नाही, तर काढून पाहायचं. एकेक वस्तू बाजूला करायची. जे उरलं ते चाललं, तर दोष काढलेल्यात. नाही चाललं, तर उरलेल्यात. बस, एवढंच डोकं लावायचं आहे.

पहिले ठरवा, तुमचा पीसी कोणत्या जातीचा आजारी आहे. एक, बटन दाबलं तरी लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही. दोन, सुरू होऊन लगेच बंद, या पोरासारखा. तीन, पंखे मस्त फिरतात पण स्क्रीन काळीच. चौथी तक्रार मला रोज येते, की स्क्रीनवर कंपनीचं नाव येते, पण विंडोज येत नाही. भाऊ, तुम्ही विंडोज टाकलीच नाही तर येईल कुठून? पेनड्राइव्ह बनवा आणि टाका. तुमचा पीसी ठणठणीत आहे.

आता पहिली जात, एकदम मुकाट बसलेला. याच्यात डबा उघडायच्या आधी भिंतीकडे पाहा. आपल्याकडे पीसी लागतो कुठं? एक्स्टेन्शन बोर्डवर. त्याच बोर्डवर कूलरची मोटर, कूलरचा पंप, दोन चार्जर. कूलर चालू झाला की बल्ब मिणमिणतो, ते तर तुम्ही रोज पाहता. बोर्डाची पिन ढिली, आणि तिच्यात पुन्हा कन्व्हर्टर खोचलेला. ते सगळं काढा आणि पीसीची केबल सरळ भिंतीच्या सॉकेटात लावा. यूपीएससुद्धा मधून काढा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीसमोर तो हात टेकू शकतो. बरं, डबा उघडताना कूलरसमोर बसू नका. गवताच्या जाळीतून पाण्याचे बारीक शिंतोडे येतात, ते डब्यातल्या मदरबोर्डवर नको. पुढं बोर्ड म्हणेन तो हाच, ज्याच्यावर सगळे पार्ट बसतात तो.

मंग सप्लायच्या मागचं काळं बटन. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हसू नका, हे बटन बंद असलेले पीसी मी पाहिले आहेत. काही स्वस्त सप्लायला लाल रंगाचं ११५/२३० चं सरकतं बटनही राहते. ते २३० वरच पाहिजे. ११५ वर ठेवून आपल्या लाइनला लावलं तर फटाका वाजून सप्लायचा खेळ खलास.

आता कॅमेरा जवळ घेतो. (बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यावर कॅमेरा) या नऊ पिना दिसल्या? डब्याच्या पुढच्या बटनाच्या तारा इथं येतात. पॉवर एसडब्ल्यू, रिसेट एसडब्ल्यू (एसडब्ल्यू म्हणजे स्विच) आणि दोन लाइटच्या. पिना माचिसच्या काडीपेक्षा बारीक, नावं मुंगीएवढी, आणि जागा नेमकी डब्याच्या तळाशी. त्यामुळं पॉवरची तार रिसेटवर बसणं फार सोपं आहे. तसं झालं की तुम्ही बटन दाबत राहा, काहीच होत नाही. मोबाइलनं फोटो काढा, मोठा करून पाहा आणि मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून घ्या. लाइटच्या तारांना उलटं-सुलटं असते, बटनाच्या तारेला नसते.

बटनच खराब आहे काय, हे पाहायला बटनाची गरजच नाही. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरचं हिरवं बटन आठवा. तुम्ही क्षणभर दाबता, सोडता, पुढचं काम स्टार्टर करतो. इथंही तसंच आहे. बटन फक्त दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवते. म्हणून तार काढा आणि पॉवर एसडब्ल्यूच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक एकदम हलकं लावा. (पेचकस लावून दाखवतो) टिक. चालू झाला, तर सप्लाय चांगला, बोर्ड चांगला, गुन्हेगार डब्याचं बटन. तोवर रिसेटचं बटन पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवा, कोणाला कळत नाही. फक्त मॅन्युअल पाहून त्याच दोन पिना धरा, शेजारच्या नाही.

तरीही मुकाट? मंग सप्लायकडून बोर्डात येणारा २४ पिनचा मोठा कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवा. त्याला जोर लागतो. बोर्ड जरा वाकतो, म्हणून पोरं भितीनं अर्धाच बसवतात. कडेची क्लिप आकड्यात अडकली की बसला. पेपरक्लिपनं सप्लाय एकटा चालवून पाहायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडायची. युक्ती खरी आहे, पण आजकालच्या सप्लायच्या सगळ्याच तारा काळ्या. मोजण्यात चुकलात तर भलतंच जोडाल. मी तरी नवशिक्याला ते करू देत नाही. शिवाय काही सप्लायचा पंखा लोड नसला की फिरतच नाही, मंग चांगल्या सप्लायला मेला समजाल.

इथं एक गोष्ट मधेच सांगून टाकतो, कारण विचारणारे खूप आहेत. "दादा, डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून चालू होत नसेल काय?" नाही. ते अर्थिंगचं दुखणं आहे. सप्लायच्या आत विजेतला कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर राहतात. घरात अर्थिंग नसलं की त्यांच्यातून डब्याच्या पत्र्यावर अर्ध्या लाइनएवढं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येते. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. टेस्टर लावला तर पेटतो. पीसी त्यामुळं बंद पडत नाही, पण आत एखादी तार उघडी पडली तर वाचवणारं काहीच नाही. वायरमनला बोलवा, खड्डा करून अर्थिंग घ्या. हजारोंचा पीसी घेतला, तिथं हात आखडता घेऊ नका.

आता दुसरी जात, टेबलावरचा हा पेशंट. सुरू होऊन लगेच बंद म्हणजे बहुतेक वेळा कुठं तरी शॉर्ट आहे आणि सप्लाय स्वतःला वाचवून राहिला. पाहिलं, प्रोसेसरची ८ पिनची तार बसलेली आहे. ही तार आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनची तार दिसायला बहिणी. पण प्रोसेसरवाली चार-चारमध्ये सुटते, ग्राफिक्सवाली सहा-दोनमध्ये. बळजबरी करू नका. आणि जुन्या सप्लायच्या सुट्या तारा नव्या सप्लायला कधीच लावू नका. सप्लायकडच्या टोकाची जुळणी मॉडेलनुसार वेगळी राहू शकते. खटकन बसते, आणि मंग धूर येतो.

इथून काढणं सुरू. डब्याच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. ग्राफिक्स कार्ड बाहेर, ड्राइव्ह बाहेर, यूएसबीच्या तारा बाहेर. चालू केला, पुन्हा बंद. एक रॅम काढली, तेच. आता बोर्डच डब्यातून बाहेर. तो ठेवायचा बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर. चंदेरी पिशवीवर नाही, तिच्यातून वीज जाऊ शकते. बोर्ड, प्रोसेसर, प्रोसेसरवरचा कूलर, एक रॅम, सप्लाय. बस. पेचकसानं दोन पिना टेकवतो... आणि पाहा. फिरून राहिला. थांबत नाही.

म्हणजे दोष डब्यात. हा पाहा. (कॅमेरा डब्याच्या पत्र्याजवळ) हे पितळी खिळे, स्टँडऑफ म्हणतात, बोर्ड यांच्यावर बसतो. डबा मोठ्या बोर्डचा, पोराचा बोर्ड लहान, मायक्रो एटीएक्स. त्यामुळं हा एक खिळा बोर्डाच्या छिद्राखाली न येता बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या डागाला टेकून राहिला. त्याच्या डोक्यावर चमकणारा ओरखडा दिसतो काय? तिथंच. पकडीनं फिरवला, काढला, झालं. पार्सलचा खर्च शून्य. मागच्या पोर्टांची चंदेरी पट्टी बसवतानाही पाहा, तिचा एखादा पत्रा यूएसबीच्या भोकात घुसतो आणि हाच खेळ करतो.

तिसरी जात, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. एचडीएमआय कुठं लावली? ग्राफिक्स कार्ड आहे तर कार्डालाच लावा. आणि कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे काय ते पाहा. आय फाइव्ह १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. रायझन ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एका अक्षराचा फरक. कार्डाशिवाय एफवाला प्रोसेसर जन्मात स्क्रीन दाखवणार नाही.

ते ठीक असेल तर बोर्डाच्या कडेला चार बारीक लाइट शोधा. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स, आणि बूट. सगळ्या बोर्डांना नसतात, पण असले तर अर्धं निदान तेच करतात. जो लाइट पेटून अडकला, तिथं अडचण. डीरॅमवर अडकला की दोन्ही रॅम काढा, एकच लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा, त्याला ए-टू म्हणतात. खाच जुळवा आणि दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, क्लिपचा आवाज आला पाहिजे. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप राहते. बिनक्लिपची बाजू वर राहून गेली तर पाहून कळत नाही, बोट फिरवून कळते. ही रॅम नाही चालली तर दुसरी, त्याच स्लॉटमध्ये.

आणि डीडीआर फाइव्ह असेल तर जरा दम धरा. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची चाचपणी करते. काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कधी मधेच स्वतःहून बंद-चालू होते. पोरं घाबरून बटन दाबतात आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरू करावं लागते. चहा मांडा, पिऊन या, पंधरा मिनिटं हात लावू नका.

सीपीयूचा लाइट अडकला तर दोन गोष्टी. पहिली, बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुना. इंटेलचंच घ्या. बी६६० चिपसेटचे बोर्ड आले २०२२ च्या जानेवारीत, १४ व्या पिढीचे प्रोसेसर ऑक्टोबर २०२३ पासून. दुकानात पडून राहिलेला बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटन असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस टाकता येतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला कंपनी सांगते तेच नाव द्या, खूण केलेल्या पोर्टमध्येच लावा. पण अर्ध्यात लाइन गेली तर बोर्ड आडवा होऊ शकतो. म्हणून इथं मात्र यूपीएस किंवा इन्व्हर्टर लावूनच बसा. कार्ड जोडलेलं नसलं की लहान यूपीएसलाही हे झेपते. महावितरणचा मेसेज आला असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका.

दुसरी गोष्ट, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना, त्याच्यात पिना असतील तर. प्रोसेसर काढा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. कापसाच्या तासासारख्या सरळ रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजे. एखादा ठिपका काळा दिसला किंवा भलतीकडे चमकला, तर पिन वाकली. सुईनं सरळ करायला जाऊ नका. लगेच फोटो काढा आणि दुकानदाराला फोन करा.

बोर्ड परत पाठवायचाच झाला, तर सॉकेटचं काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच पाठवा. ते कचऱ्यात टाकलं असेल तर शोधा. झाकण नसलं की रस्त्यात वाकलेल्या पिनांचं खापर तुमच्याच डोक्यावर फुटते. खोकं उघडतानाचा आणि पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

आणि मला कमेंटमध्ये विचाराल तेव्हा बोर्डाचं नाव, प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, कोणता लाइट अडकला आणि काय काय काढून पाहिलं, एवढं लिहा. नुसतं "भाऊ चालू नाही होऊन राहिला" लिहाल, तर मी इथं बसून उंटावरून शेळ्या किती हाकू?