इतिवृत्त ठेवू नये

[दृश्य : दिल्ली, साउथ ब्लॉक. जुनी कृष्णधवल चित्रफीत.]

२२ सप्टेंबर १९६२. संरक्षण मंत्रालयात बैठक बसली आहे. पंतप्रधान नेहरू परदेशात आहेत. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांत. अध्यक्षस्थानी मंत्रालयातले दुसरे मंत्री, के. रघुरामय्या. विषय एकच. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, पश्चिम टोकाला, नामका चू नदीच्या काठावर आपली ढोला चौकी आहे. दोन आठवड्यांपूर्वी चिनी सैनिक थागलाच्या डोंगरधारेवरून खाली उतरले आणि त्यांनी तिला वेढा घातला. आता त्यांना हुसकून लावायचं का?

लष्करप्रमुख प्राणनाथ थापर धोका सांगतात : आपण इथे हात घातला, तर चीन लडाखमध्ये उट्टं काढेल. परराष्ट्र सचिवांना तसं वाटत नाही. गेलीच तर एखाददुसरी चौकी जाईल, असा त्यांचा अंदाज. थापर वाद वाढवत नाहीत. ते फक्त लेखी आदेश मागतात. आदेश येतो, एका सहसचिवाच्या सहीनं.

सरकारी कचेरीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही ही मागणी ओळखीची वाटेल. ‘लेखी द्या’ म्हणजे : मला पटलेलं नाही, पण मी अडवणारही नाही. उद्या काही झालं, तर कागद माझ्या बाजूनं बोलेल.

[दृश्य : नकाशा. तवांग, थागला, नामका चू.]

एकत्र बसलेली हुशार माणसं एकमेकांच्या मतावर मत टेकवत चुकीच्या निर्णयापर्यंत कशी पोचतात, याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये मांडला. ‘ग्रुपथिंक’ हा शब्द त्यामुळे सर्वतोमुखी झाला. आपण अशा माणसांना होयबा म्हणतो आणि मोकळे होतो. पण दिल्लीतल्या त्या खोलीत बसलेले सगळे होयबा नव्हते. त्यांनी तसं का वागावं, हे समजायला तीन वर्षं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९५९. लष्करप्रमुख जनरल थिमय्या मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा देतात. नेहरू समजूत घालतात, थिमय्या तो मागे घेतात. आणि मग संसदेत नेहरू त्यांनाच बोल लावतात. सैन्यातल्या प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्यानं हे पाहिलं. वेगळा हुकूम काढायची गरज उरली नाही.

त्याच सुमारास लखनौमध्ये पूर्व विभागाचे प्रमुख होते कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा लिहून पाठवला. सीमेला चिकटून असलेल्या चौक्या फक्त सूचना मिळण्यापुरत्या ठेवा. खरी लढाई मागे, जिथे रस्ता आणि रसद पोचते तिथे द्या, असं त्यात होतं. मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी चिनी फौज कशी येईल आणि आपण कुठे उघडे पडू, हे वरिष्ठांसमोर मांडूनही दाखवलं. मेनन यांना हे सगळं उगाच घाबरवणं वाटलं. थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचं नाव सुचवलं होतं. १९६१ मध्ये पद मिळालं थापर यांना. थोरात निवृत्त झाले.

म्हणजे माहिती नव्हती, हे खरं नाही. माहिती फायलीत होती. ती तोंडानं सांगणारा माणूस घरी गेला होता.

[दृश्य : लडाख. उजाड पठार, दूरवर तंबू.]

२ नोव्हेंबर १९६१. पंतप्रधानांकडे बैठक. मेनन, थापर, परराष्ट्र सचिव, चीफ ऑफ जनरल स्टाफ बी. एम. कौल आणि गुप्तचर विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक. मलिक यांचं मत : आपण चौक्या पुढे नेल्या, तर चिनी त्यांवर बळ वापरणार नाहीत. याच मतावर ‘फॉरवर्ड पॉलिसी’ उभी राहिली. लेखी निर्देशात एक अट होती. पुढच्या चौक्यांच्या पाठीशी, मागच्या तळांवर भक्कम फौज उभी करायची. लष्करी मुख्यालयानं डिसेंबरमध्ये खाली आदेश पाठवले, तेव्हा नेमकी ती अट गळाली. चौक्या पुढे गेल्या. मागे कुणी नव्हतं.

सगळा दोष या पाच-सहा जणांवर टाकणं मात्र सोयीचं होईल. संसदेत विरोधक रोज नेहरूंना बोटचेपे म्हणत होते, वर्तमानपत्रं आग ओकत होती. ‘थोडं थांबू, आपली तयारी नाही’ असं म्हणायची सोय बाहेरही नव्हती.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये लष्कराच्या पश्चिम विभागाचे प्रमुख दौलत सिंग यांनी लिहून कळवलं, की धोरण आणि ताकद यांचा मेळ नाही. सप्टेंबरमध्ये नेफा सांभाळणाऱ्या ३३ कोअर या सैन्यदलाचे प्रमुख उमराव सिंग यांनी थागलाच्या मोहिमेला किती रसद लागेल याचा हिशेब पुढे ठेवला. हिशेबाचा सरळ अर्थ होता : हे जमणार नाही. झालं काय, तर नेफाची जबाबदारीच उमराव सिंग यांच्याकडून काढून घेतली. नवी ४ कोअर उभी केली आणि ती कौल यांना दिली. नेहरूंच्या जवळचे, उत्साही. पण युद्धात पायदळ लढवण्याचा अनुभव जवळजवळ नाही.

१० ऑक्टोबरला नामका चूपलीकडे चिन्यांनी पहिला जोरदार फटका दिला. कौल यांनी तो डोळ्यांनी पाहिला आणि ते दिल्लीला धावले. तरीही नदीकाठची ७ ब्रिगेड मागे आली नाही. १२ तारखेला श्रीलंकेला निघताना नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितलं, की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. आता मागे फिरायचं कुणी आणि कसं? कौल आजारी पडून पुन्हा दिल्लीला आले आणि घरी अंथरुणावरून कोअर चालवू लागले.

[दृश्य : नामका चू. अरुंद दरी, वर डोंगरधार.]

२० ऑक्टोबर, पहाट. खाली दरीत ७ ब्रिगेड, सुती गणवेशात, जवळ बाळगता येतील तेवढ्याच गोळ्यांनिशी. वर धारेवर चिनी फौज. सकाळ संपेपर्यंत ब्रिगेड मोडली. ब्रिगेडियर जॉन दळवी २२ तारखेला पकडले गेले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये केनेडी क्युबाची नाकेबंदी जाहीर करत होते. आदल्या वर्षी क्युबावरच्या बे ऑफ पिग्जच्या फसलेल्या स्वारीत ते सल्लागारांच्या एकमतावर विसंबून तोंडघशी पडले होते. या वेळी सल्लागारांना मोकळं बोलता यावं, म्हणून काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत.

महिनाभरात चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. सरकारी आकडे : १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ युद्धकैदी. मेनन यांचं मंत्रिपद गेलं. मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावलं गेलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण चव्हाणांच्या वाट्याला एक अवघड कागदही आला. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल.

चौकशी लष्करापुरती होती. सरकारनं निर्णय कसे घेतले, हे तिच्या कक्षेत नव्हतं, आणि असतं तरी अडचण होती. संरक्षणमंत्र्यांच्या त्या काळातल्या बैठकांचं इतिवृत्त ठेवू नये, अशी सूचना खुद्द मेनन यांनी दिली होती. अहवालानं यावर बोट ठेवलं : त्यामुळे मोठ्या निर्णयाची जबाबदारी शेवटी कुणावरच राहिली नाही.

२ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत अहवालाचा गोषवारा सांगितला. अहवाल दिला नाही. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो उघड करायला नकार दिला. मार्च २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर आला, तेव्हा विरोधी पक्षात असलेले अरुण जेटली यांनी लिहिलं, की अशी कागदपत्रं कायमची दडवून ठेवू नयेत. जुलैमध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत उत्तर देत होते : अहवाल प्रसिद्ध करणं राष्ट्रहिताचं नाही.