पहिला क्रमांक कोणाला द्यायचा?

नमस्कार श्रोतेहो. बारावीचा निकाल लागला की आमच्या अभियांत्रिकी प्रवेश सुविधा केंद्रात प्लास्टिकच्या फोल्डरची रांग लागते. परवा एक वडील मुलीला घेऊन आले. ओबीसी प्रवर्ग, सीईटीला बरे पर्सेंटाइल. जातीचा दाखला, पडताळणी, डोमिसाइल, सगळं क्रमानं लावलेलं. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, मात्र ३१ मार्चलाच संपलेलं! आता ऐन गर्दीत तहसीलचे हेलपाटे.

मुलीचा प्रश्न वेगळाच होता. "सर, शासकीयमध्ये सिव्हिल की खाजगीत कॉम्प्युटर?" शेजारचे काका म्हणे कॉम्प्युटरच घे म्हणतात. काकांना चार वर्षं कोडिंग करायचं नाहीये. कराड, अमरावती इथली शासकीय महाविद्यालयं साठच्या दशकातली. त्यांचे माजी विद्यार्थी सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महावितरण इथे भेटतात. माझं मत विचाराल तर, विषयाचा कंटाळा नसेल तर शासकीयच. पण प्रवेशाच्या अर्जात कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम जपून भरा. २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलीही जागा मिळाली की ती घेणं बंधनकारक होतं. 'भरून तर ठेवू, मग बघू' म्हणणारे तिथेच अडकले.

खर्चाचं म्हणाल तर, जुलै २०२४ च्या निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश मात्र कॅपमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. मेस, खोली, अनामत हे खिशातूनच जातं, आणि घराचं गणित तिथेच चुकतं. या सवलतीसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा अर्ज वेळेत भरा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही आधीच बघा. एवढ्यावरून पैसे अडकलेली मुलं दरवर्षी येतात.

आता नोकरी. कॉलेजं फ्लेक्सवर सर्वांत मोठं पॅकेज छापतात, ते एकाच मुलाचं असतं. तुम्ही मधला आकडा विचारा: शंभर मुलं पगाराच्या क्रमानं उभी केली, तर मधल्याला किती? एनआयआरएफ या केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला दिलेल्या माहितीत तो असतो, शाखेनुसार नसला तरी. कॅम्पसमध्ये नाहीच जमलं तर गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आहे. त्यावर एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

ते वडील काल पुन्हा आले, नॉन-क्रिमिलेअरच्या अर्जाची पावती घेऊन. मुलीनं वहीत पसंतीची यादी केली होती. दोनपासून पुढचे सगळे क्रमांक भरलेले, एक नंबर अजून कोरा.