तीन मीटरची हवा

(दृश्य : गोवंडी, नटवर पारेख कंपाउंड. दोन बिल्डिंगींमधली गल्ली, खालून वर.)

भर दुपार आहे, आणि तळमजल्यावर ट्यूबलाइट चालू आहे. तळमजला अधिक सात मजले, शेजारची बिल्डिंग जेमतेम तीन मीटरवर. प्रकल्पांच्या कामांत ज्यांची घरं गेली, त्यांना इथे 225 चौरस फुटांची खोली मिळाली. पुनर्वसनाचं गणित जमावं म्हणून नियमावलीत मोकळ्या जागेची अट सैल केली गेली. कागदावरची ती सवलत म्हणजे ही गल्ली.

(दृश्य : पॅसेज. स्टुलावर काचेची बशी.)

ही पेट्री डिश. युलियस पेट्री यांनी 1887 मध्ये सुचवलेली, आणि तेव्हापासून फारशी न बदललेली. आत आगर आहे, समुद्री शेवाळापासून काढलेली जेली; हवेतून पडलेले जंतू तिच्यावर वाढून ठिपक्यांसारखे दिसतात. ठेवायची रीत ठरलेली : जमिनीपासून एक मीटर, भिंतीपासून एक मीटर, झाकण काढून एक तास. तेवढ्यात पॅसेजमधून पोरं धावत जातात, कुणी हंडा नेतं, कुणी उंबऱ्याशी झाडू मारतं. सगळं चालू द्यायचं, कारण मोजायचं तेच आहे. मग झाकण लावून बशी उलटी ठेवायची, नाहीतर झाकणावर धरलेलं पाणी आगरवर ठिबकतं.

(दृश्य : त्याच बशीचा क्लोजअप, काही दिवसांनी.)

पिवळे, गुळगुळीत ठिपके बहुतेक माणसाच्या कातडीवरून आलेले. मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते ती अ‍ॅस्परजिलस नायजर, काळी बुरशी. कडेची निळसर हिरवी बुरशी पेनिसिलियम. ओल धरलेल्या भिंतीवर ती हमखास भेटते.

पण ज्याची खरी धास्ती आहे, तो या बशीत दिसायचा नाही. क्षयाच्या जंतूला वेगळं खाद्य लागतं आणि वाढायला कित्येक आठवडे. तो हवेतून पसरतो हे सिद्ध करायला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी गिनी पिग वापरले. 1950च्या दशकात, सहा खाटांच्या क्षय वॉर्डातली हवा त्यांनी नळ्यांमधून वरच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्ण खाली, प्राणी वर, मध्ये फक्त हवा. तरी गिनी पिगना क्षय झाला. पुढे काही पिंजऱ्यांची हवा अतिनील प्रकाशातून नेली. तिथले प्राणी वाचले.

(दृश्य : खोली. दार बंद. अगरबत्ती.)

धूर बघा. खिडकी उघडी आहे, तरी तो खोलीतच घुटमळतोय. हवा आत यायला एक वाट लागते, जायला दुसरी. इथे दुसरी वाट म्हणजे दार, आणि दारासमोर शेजाऱ्याचं दार. आडोशासाठी ते लावलं की संपलं. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण अशा हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

(दृश्य : दार उघडलं. धूर हलतो.)

डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची तुलना मांडली. पहिल्या दोन, दाटीच्या वसाहतींत क्षय मोकळ्या पीएमजीपेक्षा कितीतरी जास्त आढळला, आणि खालच्या मजल्यांवर अधिक.

(दृश्य : औषधांची पाकिटं, कॅलेंडर.)

क्षयाचा उपचार, सहसा किमान सहा महिने.

(दृश्य : पीएमजी कॉलनी. मोकळं अंगण, वाळत घातलेले कपडे.)

हवा खेळती ठेवायला महागडी यंत्रणा लागते असं समजू नका. पेरूमध्ये लिमाच्या हॉस्पिटलांत हवा मोजली, तेव्हा दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला सुमारे 28 वेळा बदलत होती. यांत्रिक व्यवस्थेकडून अपेक्षा असते 12 वेळांची. त्यातही पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या.

(दृश्य : जिना. पत्रा ठोकून बंद केलेली खिडकी.)

उभ्या बिल्डिंगी सरकवता येत नाहीत. जिन्यातले असले पत्रे काढता येतात, पॅसेजची टोकं मोकळी करता येतात. ते काम रहिवासी आणि सोसायटी करतील. दोन बिल्डिंगींमधलं अंतर मात्र नकाशा मंजूर करणाऱ्यांच्या हातात आहे.